आधी सांगा, पळालं कोण?

माझ्या टेबलाच्या काचेखाली कायम एक यादी असते. वीजबिल, विम्याचा हप्ता, पंख्याची दुरुस्ती, मावशीचा चष्मा. काम झालं की ओळ खोडायची, कागद भरला की उरलेल्या ओळी नव्या कागदावर उतरवायच्या. एक ओळ कितीतरी वर्षं अशी या कागदावरून त्या कागदावर चालत आली आहे: ‘रामटेके मॅडमवर लिहिणे.’

परवा कॉलेजात नवा प्रोजेक्टर आला आणि पहिल्याच तासाला बंद पडला. बसवायला आलेला माणूस ‘अभी वायर लेके आया’ म्हणून जो गेला तो आलाच नाही. दहा-बारा नवी मास्तरमंडळी त्या खोक्याभोवती उभी राहून एकमेकांवर ढकलाढकली करत होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘‘आधी सांगा, पळालं कोण?’’

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घरी येऊन पहिली ती ओळ हाती घेतली.

वत्सला रामटेके. इंदूरच्या आमच्या मुलींच्या कॉलेजात त्या इंग्रजी शिकवत आणि मी संख्याशास्त्र. शिवाय अख्ख्या कॉलेजचं टाइमटेबल माझ्याकडे असे, म्हणून त्या मला लघाटे क्वचितच म्हणत. ‘‘ए टाइमटेबल, चहा घेणार?’’ अशी हाक जिन्यावरून यायची. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या, उंच, खांदे सरळ, खळीची सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे नाडीवाले बूट. पहिल्या दिवशी मी त्या बुटांकडे बघतच राहिले होते.

‘‘बघ, बघून घे एकदा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आजोबा महूला पलटणीत सुभेदार होते. म्हणायचे, चपला घालून पहारा होत नाही. आणि दुसरं म्हणायचे, पहाऱ्यावर लावलं की जागा सोडायची नाही. बूट मी रोज घालते. दुसरं जमेल तेव्हा करते.’’

हे ‘जमेल तेव्हा’ म्हणजे नुसता विनय होता. मॅडमनी काहीही सोडून दिलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यांची मोपेड सियागंजच्या ऐन गर्दीत, हातगाड्या आणि पोत्यांच्या मधोमध बंद पडायची. मागून हॉर्न, बाजूनं शिव्या. मॅडम खाली उतरून तिच्या दिव्यावर हात ठेवत आणि म्हणत, ‘‘काय झालं गं? कोण बोललं तुला?’’ हमाल आधी हसायचे, मग ढकलायला यायचे. एकदा मी म्हटलं, ‘‘मॅडम, विकून टाका ना ती.’’ त्यांनी मोपेडला ऐकू जाऊ नये अशा बेतानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘असं तिच्यासमोर बोलू नकोस.’’

स्टाफरूममध्ये त्यांची एक खुर्ची होती. चार मोडक्या खुर्च्यांचे चार पाय, पाचवीची पाठ, आणि बसायची फळी प्रयोगशाळेच्या जुन्या स्टुलाची. सुताराला समोर बसवून त्यांनी ती बनवून घेतली होती. ती खुर्ची डावीकडे झुकायची आणि बसणाऱ्याला मागून चिमटा काढायची. विद्यापीठाची तपासणी समिती आली तेव्हा त्यातले सगळ्यात ज्येष्ठ आणि सगळ्यात जाड गृहस्थ नेमके तिच्यावर बसले आणि ताडकन उठले. सगळा स्टाफ जमिनीकडे बघायला लागला. मॅडम तेवढ्या पुढे झाल्या.

‘‘माफ करा सर, ही माझी. मीच बनवलीय.’’

‘‘फेंक क्यों नहीं देतीं?’’

‘‘सर, बनवलीय मी. हिनं चिमटा काढला तर माफी कुणी मागायची? मीच ना?’’

ते गृहस्थ दुसऱ्या खुर्चीवर बसले. पण जाताना त्यांनी त्या खुर्चीला दुरूनच, जरा आदरानं, पाहून घेतल्याचं मला आठवतं.

तर ‘बनवणं’ आणि ‘सोडून पळणं’ या दोन शब्दांभोवती मॅडमचं सगळं साहित्यशास्त्र फिरायचं. एम.ए.ला त्यांचा एक ऐच्छिक पेपर होता: जुन्या विलायती भयकादंबऱ्या, त्यांतलं विज्ञान आणि त्यांतले राक्षस. मुली त्याला ‘भूतवाला पेपर’ म्हणत. त्यांची खोली कोपऱ्यातली. खिडक्यांना जुन्या लाकडी झडपा, त्या लावल्या की भर दुपारी काळोख.

त्या पेपरचा पहिला तास बघायला मुलीच काय, आम्ही शिक्षकही बाहेर रेंगाळायचो. मॅडम झडपा लावून घ्यायच्या, पर्समधून टॉर्च काढायच्या आणि हनुवटीखाली धरून लावायच्या. नाकाची सावली कपाळावर, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. मुली किंचाळायच्या. एका वर्षी नेमका त्याच वेळी आमचा शिपाई भागीरथ चहाचा ट्रे घेऊन आत शिरला. ट्रे खाली, कपांचे तुकडे चारी दिशांना, आणि भागीरथ जिन्याच्या खाली.

मॅडमनी शांतपणे टॉर्च वर नेला, डोक्यावरून चेहऱ्यावर उजेड पाडला. ‘‘आता कोण दिसतंय?’’

‘‘तुम्ही, मॅडम.’’

‘‘आणि मघाशी?’’

‘‘चेटकीण.’’

‘‘चेहरा बदलला का माझा? उजेड कुठून येतोय ते बदललं. या पेपरात पहिला प्रश्न हाच विचारायचा. राक्षस किती भयानक आहे, हे नाही विचारायचं. टॉर्च कुणाच्या हातात आहे, ते विचारायचं.’’ मग दाराकडे वळून, ‘‘भागीरथभाऊ, वर या. तुमचे कप मी भरून देते.’’

जिन्याखालून आवाज आला, ‘‘मैडमजी, पैले वो बत्ती बंद करो!’’

दुसरा प्रश्न त्या पुढच्या तासाला विचारत. त्यांची आवडती गोष्ट अशी होती: एक अतिशय हुशार तरुण रात्रंदिवस खपून प्रयोगशाळेत एक माणूस घडवतो. तो घडलेला जीव डोळे उघडतो, हात पुढे करतो आणि त्याला पाहून हा हुशार तरुण खोलीतून पळत सुटतो. पुढचा सगळा विध्वंस त्यानंतरचा. शेकडो वेळा सांगूनही ‘हात पुढे करतो’पाशी मॅडमचा स्वत:चा हात पुढे व्हायचा.

‘‘लोक म्हणतात, ही विज्ञानाच्या विरुद्ध लिहिलेली गोष्ट आहे. देवाच्या कामात माणसानं हात घालू नये, वगैरे. मला नाही पटत. बनवणं हा गुन्हा नाही गं. बनवा, खुशाल बनवा! गुन्हा कुठे झाला? दारात झाला. तो पळाला तेव्हा. म्हणून राक्षसाची कुठलीही गोष्ट असो, आधी सांगा, पळालं कोण?’’

हे वाक्य मग कॉलेजभर झालं. स्टाफरूममध्ये दूध उतू गेलं की कुणीतरी विचारायचंच, ‘‘पळालं कोण?’’ औषध घोटून स्वत:तलाच दुसरा, दुष्ट माणूस बाहेर काढणाऱ्या डॉक्टरची एक गोष्ट त्या शिकवत, तेव्हा एका मुलीनं अडवलं होतं, ‘‘मॅडम, यात तर बनवणारा आणि राक्षस एकच आहे. मग पळालं कोण?’’ मॅडम इतक्या खूश झाल्या की त्या मुलीला त्यांनी तास अर्धवट टाकून पोहे-जिलबी खायला नेलं. अर्धवट टाकलेला त्यांचा तो एकच तास. टाइमटेबल माझ्याकडे असल्यामुळे मला हे ठामपणे सांगता येतं.

ती मुलगी रेखा. तिचे वडील कापडमिलमध्ये सूतकताईवर होते आणि तेव्हा शहरातली एकेक मिल बंद पडत चालली होती. सकाळी ज्याच्यावर घड्याळ लावायचो तो भोंगा वाजेनासा झाला. दुसरीकडे रोज नवीन पाट्या: टायपिंगच्या जागी कॉम्प्युटर, रेडिओदुरुस्तीच्या जागी रंगीत टीव्ही हप्त्यानं. शहराला कळत नव्हतं रडावं की खरेदीला जावं.

रेखानं एक दिवस तासाला विचारलं, ‘‘मॅडम, माझी आई म्हणायची मिल राक्षस आहे. बाबांचा खोकला तिथलाच, बोट गेलं ते तिथंच. आता ती बंद पडली तर बाबाच रडतात. राक्षसासाठी कुणी रडतं का?’’

पुढच्या शनिवारी मॅडम अख्खा वर्ग घेऊन मिलच्या फाटकावर गेल्या. मला टाइमटेबलात त्या तासासमोर काय लिहायचं, असा प्रश्न पडला. त्या म्हणाल्या, ‘‘लिही, किल्ला बघायला गेले. आपल्या कादंबऱ्यांतला विलायती किल्ला कुठून आणू? हा आहे ना. उंच भिंत आहे, मनोरा आहे, कुलूप आहे, वटवाघळं आहेत.’’ मीही गेले, कारण मुली मोजून परत आणायला कुणीतरी हवं होतं.

चौकीदाराला वाटलं मोर्चा आला. ‘‘बैजी, यां कोई नी हे, साब लोग तो कब के गए!’’ मॅडमनी त्याला शेव-मुरमुरे दिले आणि मुलींना फाटकाच्या फटीतून आत बघायला लावलं. आत सूतकताईचे साचे ओळीनं उभे होते, अजून सूत चढवलेलं. फाटकाबाहेर रेखाचे वडील आणि त्यांचे आठ-दहा सोबती डबे घेऊन झाडाखाली बसले होते.

‘‘रोज येता?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘पाळीच्या वेळेला येतो, मॅडमजी. घरी काय करायचं?’’

मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. पण तेव्हा तो गमतीचा राहिला नव्हता. ‘‘पळालं कोण, भाऊ?’’

त्यांनी साहेबांच्या बंगल्याकडे हात केला, मग आपल्या डब्याकडे बघितलं. ‘‘आम्ही तर नाही.’’

परतताना मॅडमचे पांढरे बूट मातीनं लाल झाले होते आणि त्यांनी ते झटकलेही नाहीत.

आता मूळ प्रकरण. आमचे प्राचार्य दुबेजी, भौतिकशास्त्राचे, भले गृहस्थ, नव्या युगाचे भक्त. त्यांनी संस्थेच्या मागे लागून एक कॉम्प्युटर मंजूर करून घेतला. एकच. पण तो येणार म्हणजे साक्षात गौरी येणार असल्यासारखी तयारी सुरू झाली. त्याला थंडावा लागतो, म्हणून एसी. धूळ चालत नाही, म्हणून जाजम आणि जोडे बाहेर. आणि कॉलेजात झडपांची, बंदिस्त, कोपऱ्यातली अशी एकच खोली होती.

‘‘मैडम, बुरा मत मानिए,’’ दुबेजींनी त्यांना बोलावून सांगितलं. मी समोरच होते, खोल्यांचा तक्ता घेऊन. ‘‘भूत-प्रेत पढ़के लड़कियों को नौकरी मिलेगी क्या? पाँच तो लड़कियाँ हैं आपके पेपर में. कमरा भी जाएगा, पेपर भी बंद करना पड़ेगा. और वैसे भी आप तो विज्ञान के ख़िलाफ़ पढ़ाती हैं.’’

खोली गेल्याचं मॅडमना काही वाटलं नसतं. झाडाखाली शिकवलं असतं. पण पेपर बंद, हे ऐकून त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. पंधरा वर्षं त्यांनी तो एकटीनं उभा केला होता. पुस्तकं स्वत: दिल्ली-मुंबईहून मागवलेली, प्रश्नपत्रिका स्वत: हातानं स्टेन्सिलवर काढलेल्या.

‘‘सर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी यंत्राच्या विरुद्ध नाही. मी पळपुट्यांच्या विरुद्ध आहे.’’

‘‘वो सब ठीक है,’’ दुबेजी म्हणाले. ‘‘उद्घाटन के दिन सेठजी आएँगे. चाय के बाद काग़ज़ पे दस्तख़त हो जाएँगे.’’

सेठजी म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. सियागंजात सुकामेवा आणि नारळाचा ठोक व्यापार. पांढरं धोतर, पायात जरीच्या मोजड्या, बोलणं कमी.

जिना उतरताना मॅडम मला म्हणाल्या, ‘‘टाइमटेबल, चहा जरा उशिरा ठेवता येईल का गं?’’ आणि स्वत:च हसल्या. मला मात्र रडू येत होतं, कारण पुढच्या वर्षाच्या कच्च्या तक्त्यात मला त्यांच्या नावासमोर नुसतं ‘सामान्य इंग्रजी’ लिहायचं होतं.

उद्घाटनाचा दिवस. बाहेर मे महिना, आत एसी. दाराबाहेर जोड्यांची रांग: सेठजींच्या मोजड्या, दुबेजींचे चकाकते काळे बूट, आमच्या चपला आणि मधोमध मॅडमचे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांना आमंत्रण नव्हतं. ‘‘माझ्या खोलीत पाहुणा आलाय,’’ म्हणून त्या रेखाला घेऊन आल्या आणि मागे भिंतीशी उभ्या राहिल्या.

कॉम्प्युटर लोखंडी टेबलावर बसवला होता. पडद्याला झेंडूचा हार, खोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक, की-बोर्डावर अक्षता. भटजींनी मंत्र म्हटले. मग दुबेजींच्या हातात नारळ दिला. सेठजींच्याच दुकानातला, खास निवडलेला, पाण्यानं गच्च भरलेला.

नारळ फोडायचा कुठे, हा विचार कुणी केलाच नव्हता. खाली नवं जाजम. दगड नाही, पायरी नाही. बाहेर जाऊन फोडावा तर जोडे घालावे लागणार, मुहूर्त टळणार. दुबेजींनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि लोखंडी टेबलाचा कोपरा त्यांना दिसला.

‘‘सर, तिथे नको,’’ असं मॅडम म्हणाल्याचं मी शपथेवर सांगते. पण तोवर ‘गणपती बाप्पा मोरया’ झालं होतं.

फाड! नारळ एका घावात दुभंगला. सेठजींचा माल, पाणी तरी किती! अर्धं दुबेजींच्या सदऱ्यावर, उरलेलं सरळ की-बोर्डात आणि मागच्या खोक्यात. क्षणभर काही झालं नाही. मग त्या यंत्रानं एक लांब, बारीक, न थांबणारा सूर काढला. ‘पीऽऽऽऽऽ.’ पडद्यावर हिरवी अक्षरं सैरावैरा धावली, मागून फट् झालं, धुराची रेघ निघाली आणि एसीसकट सगळे दिवे गेले.

अंधारात ते ओरडणं तेवढं चालू राहिलं. वीज गेली तरी चालेल म्हणून कंपनीनं बॅटरीचं खोकं लावून दिलं होतं ना!

‘‘फटेगा!’’ कुणीतरी ओरडलं.

मग जे झालं त्याला धावपळ म्हणणं फार सौम्य होईल. भटजी सगळ्यात पुढे. दुबेजी सदऱ्याला खोबऱ्याचे तुकडे लागलेले, हातात अर्धी करवंटी. दारात जोड्यांचा ढीग. जो सापडेल त्यात पाय घालून लोक जिन्याकडे. भागीरथ तर खाली जाऊन फाटकाबाहेरही गेला. मीही जिन्याच्या वळणापर्यंत गेले होते, पण मागून खणखणीत आवाज आला आणि मी थांबले.

‘‘आधी सांगा, पळालं कोण!’’

पाठोपाठ रेखाचं हसणं. असं हसणं की ते ऐकून मीही जिन्यावर बसून हसायला लागले. वर जाऊन पाहते तर मॅडमच्या टॉर्चचा उजेड. वायर त्यांनी उपटून काढली होती, बॅटरीचं बटण बंद केलं होतं, ओरडणं थांबलं होतं. खोकं आडवं करून, त्यातून ठिबकणारं पाणी त्या पदरानं टिपत होत्या. रेखा की-बोर्डाला पालथा धरून अक्षता झटकत होती.

‘‘घाबरला बिचारा,’’ मॅडम म्हणत होत्या. ‘‘जन्मला, डोळे उघडले, तोंडावर पाणी मारलं आणि बाप पळाला. ओरडेल नाही तर काय करेल? ए टाइमटेबल, स्टाफरूममधला टेबलफॅन आण. आणि त्या झडपा उघड.’’

झडपा उघडल्या, फ्यूज बांधला, पंखा लावला. मॅडम जाजमावर मांडी घालून बसल्या आणि खोक्याला वारा देता देता रेखाला पुढचा तास शिकवू लागल्या. राक्षस पळून जंगलात जातो, एका झोपडीच्या भिंतीला कान लावून माणसांची भाषा शिकतो. झोपडीतल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलतो तेव्हा म्हातारा त्याला चांगला म्हणतो, कारण म्हाताऱ्याला तोंड दिसत नाही. डोळे असलेली पोरं येतात आणि काठीनं मारतात.

‘‘त्यानं तोवर कुणाचंही काही बिघडवलेलं नसतं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘एक शब्द बोलायच्या आत, नुसतं बघून ठरवतात. हा भाग मला पुस्तकातून शिकावा लागला नाही गं. आमच्या घरात तो सगळ्यांना पाठ होता.’’

दारात हालचाल झाली. सेठजी उभे होते. एका पायात जरीची मोजडी आणि दुसऱ्या पायात मॅडमचा पांढरा कॅनव्हासचा बूट, नाडी लोंबत.

‘‘मैडम, आपका जूता,’’ ते म्हणाले, जरा ओशाळून. ‘‘नीचे जाके देखा.’’

‘‘बसला का पायाला?’’

‘‘बिलकुल बराबर.’’ त्यांनी बूट काढला, दाराबाहेर नीट ठेवला, पण गेले नाहीत. जाजमाच्या कडेला टेकले. ‘‘ये मशीन का बता रही थीं?’’

‘‘नाही सेठजी. गोष्ट सांगत होते.’’

‘‘हाँ, वही. डंडे से मारा. फिर क्या हुआ?’’

मॅडमनी सांगितलं. पहिल्यापासून, हिंदीत, हातवारे करून. खाली चहा निवत होता, दुबेजी सहीचा कागद घेऊन फिरत होते, आणि वर आमचे अध्यक्ष गुडघ्यांना मिठी मारून राक्षसाची कैफियत ऐकत होते. राक्षस बापाला म्हणतो, मला एक सोबतीण करून दे, मी दूर निघून जाईन. आणि बाप कबूल होऊन शब्द फिरवतो, हे ऐकल्यावर सेठजी म्हणाले, ‘‘ज़बान से पलट गया? फिर तो धंधे लायक भी नहीं था.’’ साहित्यसमीक्षेचं यापेक्षा नेमकं वाक्य मी पुढे कुठल्या परिसंवादात ऐकलं नाही.

दुबेजी वर आले. सदरा बदलून आले होते. त्यांनी सांगितलं की कंपनीच्या माणसाला तार करू, तोवर खोलीला कुलूप लावू, कुणी आत जायचं नाही. सेठजींनी कागद हातात घेतला, वाचला.

‘‘दुबेजी, मशीन कौन सँभालेगा?’’

दुबेजींनी त्या खोक्याकडे पाहिलं आणि नकळत एक पाऊल मागे घेतलं. तेवढं पुरलं.

‘‘मी सांभाळते,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पण खोली माझी. पेपरही राहील. सकाळी हा शिकेल, दुपारी मुली शिकतील.’’

‘‘एक साल,’’ सेठजी म्हणाले. ‘‘दस लड़कियाँ आ जाएँ तो चालू. नहीं आईं तो बंद.’’ आणि सही न करता चहाला गेले.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस यायच्या आत कॉम्प्युटर सुरू झाला. खोबऱ्याचा वास मात्र त्याला कायमचा राहिला, आणि ‘एन’ हे अक्षर दाबलं की तीन-चार उमटत. मॅडम म्हणायच्या, ‘‘तोतरं आहे थोडं. बोलतंय ना!’’

राहता राहिल्या दहा मुली. मॅडमनी पत्रकं काढली, घरोघर गेल्या, ‘या पेपरानं माणूस ओळखता येतो’ वगैरे सगळं सांगून पाहिलं. जुलैमध्ये प्रवेशाची यादी माझ्याकडे आली तेव्हा मी ती दोनदा तपासली. भूतवाल्या पेपराला बेचाळीस मुली. मॅडम हरखून गेल्या. बघ, साहित्याची ताकद, असं म्हणायला लागल्या. त्यांना खरं कारण रेखानंच सांगितलं.

‘‘मॅडम, अख्ख्या कॉलेजात एसी तुमच्याच खोलीत आहे.’’

मॅडम इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्या चिमटेखोर खुर्चीवर बसल्या आणि चिमटा बसला तरी उठल्या नाहीत. ‘‘येऊ देत! थंडीला येतात, भुतांना राहतील!’’

आणि राहिल्या. तो पेपर मॅडम निवृत्त होईपर्यंत चालला. दरवर्षी बाहेर बूट काढून, जाजमावर बसून, एसीच्या गारव्यात मुली टॉर्चला किंचाळत राहिल्या. रेखा एम.ए. झाली, त्याच खोलीत त्याच तोतऱ्या यंत्रावर टाइप करायला शिकली आणि पुढे आमच्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात लागली. मिल उघडली नाही. तिचे वडील काही वर्षं पाळीच्या वेळेला फाटकावर जात राहिले, मग पाय चालेनात तेव्हा जाणं बंद झालं.

मॅडम निवृत्तीनंतर महूला भावाकडे राहायला गेल्या. बरीच वर्षं मध्ये गेली. कॉलेजात नवे चपटे कॉम्प्युटर आले, जुनं सामान भंगारात काढायचं ठरलं. यादी अर्थातच मी केली. रेखानं ती वाचली आणि कुणाला न विचारता महूला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम रिक्षातून उतरल्या. केस पूर्ण पांढरे, खांदे तसेच. जिना हळूहळू चढल्या. दारात, सवयीनं, वाकून नाड्या सोडल्या, बूट काढले, आत गेल्या. पडद्यावरून हात फिरवला. वास घेऊन पाहिला.

‘‘अजून खोबरं येतंय गं,’’ त्या म्हणाल्या.

भंगारवाल्यानं जो भाव सांगितला त्याच्या दुप्पट देऊन त्यांनी तो विकत घेतला. आम्ही खोकं आणि पडदा खाली आणला. खोकं पायाशी ठेवलं, पडदा मॅडमनी मांडीवर घेतला आणि अंगावरची शाल त्याच्याभोवती गुंडाळली, गाडीत लहान मुलाला वारा लागू नये म्हणून गुंडाळतात तशी.

‘‘बैजी, ये चलता हे क्या?’’ रिक्षावाल्यानं विचारलं.

‘‘नाही रे भिया.’’

‘‘तो फिर कायको ले जा रिये हो?’’

‘‘मग काय, सोडून पळू?’’

तो हसला आणि रिक्षा निघाली. रेखानं डोळे पुसले. मी खोलीला कुलूप लावायला वर गेले, तर दारात मॅडमचे पांढरे बूट. नाड्या सोडलेले, स्वच्छ.

मी ते उचलले आणि धावले. माझ्या वयाला, माझ्या हुद्द्याला, माझ्या गुडघ्यांना न शोभेल अशी धावले. एका हातात एक बूट, दुसऱ्या हातात दुसरा. फाटकातल्या मुली बाजूला झाल्या, नवे मास्तर गॅलरीत आले. कोपऱ्यावर हातगाडी आडवी आल्यामुळे रिक्षा अडकली होती. मॅडमनी मागच्या काचेतून पाहिलं, मग बाजूनं डोकं बाहेर काढलं. अनवाणी पाय खोक्यावर टेकवलेले, मांडीवर शालीतला राक्षस, आणि चेहऱ्यावर भर दुपारचा वरून पडलेला उजेड.

‘‘टाइमटेबल!’’ त्या अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या. ‘‘पळालं कोण?’’

मला दम लागला होता. मी नुसते दोन्ही बूट वर केले.